लाल दिवा लागलेला असताना

फोन आला तेव्हा फौजदार अभिमन बोरसे नुकतेच जेवायला बसले होते. पलीकडून डॉक्टर नेहेत्यांचा आवाज कापत होता.

"साहेब, लगेच या. बेचाळीस मेली."

बोरशांचा घास हातातच राहिला. "बेचाळीस माणसं?"

"माणसं नाही हो. रोपं. केळीची."

बोरसे मूळचे धुळ्याचे, देवपुरातले. केळी त्यांना सोलून खाण्यापुरती ठाऊक. रोपांसाठी फौजदाराला ताटावरून उठवणाऱ्या माणसाला काय म्हणावं ते त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण जळगावात बदली होऊन चार महिने झाले होते आणि या गावात केळीबद्दल वेडंवाकडं बोलू नये, एवढी अक्कल त्यांना तेवढ्यात आली होती. त्यांनी हात धुतला आणि हवालदार पुनांना जीप काढायला सांगितलं.

त्र्याण्णव सालचा ऑगस्ट होता. आठ दिवसांत सूर्याचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. आभाळ भरलेलं, अंगाला चिकचिक, आणि गावात डोळ्यांची साथ. दर तिसऱ्या घरात कुणाचे तरी डोळे आलेले. पुनांचेही आले होते. ते काळा चष्मा लावूनच जीप चालवत होते, त्यामुळे बोरसे रस्ताभर समोरचा दांडा घट्ट धरून बसले.

डॉक्टर नेहेत्यांची 'हिरवाई' प्रयोगशाळा गावाबाहेर होती. बैठी पांढरी इमारत, समोर व्हरांडा. आत शिरल्याशिरल्या भिंतीवर मोठा फोटो: जाड काळ्या काड्यांचा चष्मा लावलेला, टोपी घातलेला एक शेतकरी केळीच्या घडाशेजारी उभा, घडाला हार आणि त्याच्याही गळ्यात हार. हे कौतिक नाना, चोपड्याकडचे, असं डॉक्टरांनी चालता चालता सांगितलं. दोनशे बागा पाहून प्रयोगशाळेने नानांची बाग निवडली होती. तिथल्या एका खोडाच्या कोंबापासून बाटल्यांमध्ये बेचाळीस रोपं वाढवली होती. ती आई-रोपं. सोमवारपासून त्यांचे तुकडे करायचे, तुकड्यांची रोपं, रोपांचे पुन्हा तुकडे. हिवाळ्यापर्यंत चाळीस हजार रोपं खान्देशभर जाणार होती, तीही एका रोपासारखं दुसरं.

"आणि आता?"

"आता हे," असं म्हणून डॉक्टरांनी दार उघडलं.

खोली लहान होती. पांढऱ्या फरश्या, छताला दोन ट्यूबलाइट, भिंतीला लागून टेबल. टेबलाच्या वर, बसलेल्या माणसाच्या तोंडासमोर येईल अशी, आणखी एक काचेची नळी. खाली बादलीत हिरवी रोपं फिनाइलमध्ये बुडून पडली होती. टेबलावर बेचाळीस रिकाम्या बाटल्या सात-सातच्या ओळीत लावलेल्या. झाकणांची चळत वेगळी. एक बाटली फुटलेली नाही, एक थेंब सांडलेला नाही. दाराबाहेरच्या बेसिनचा साबण अजून ओला होता.

बोरशांनी पंधरा वर्षांत पुष्कळ चोर पाहिले होते. हात धुऊन आत येणारा आणि जाताना पसारा आवरणारा हा पहिलाच होता.

"कुलूप?"

"कुलूप नसतं. लाल दिवा असतो." डॉक्टरांनी दारावरचा बल्ब दाखवला. "एक ते दोन जेवणाची सुट्टी. तेवढा वेळ आम्ही ती नळी चालू ठेवतो. तिच्या किरणांनी खोलीतले जंतू मरतात. नळी चालू असली की हा दिवा लागतो. मग आत कुणी जात नाही. कुलपापेक्षा पक्कं."

"गेलं तर काय होतं?"

"त्या वेळी काहीच नाही. तीच तर मेख आहे. ना चटका बसत, ना काही दिसत."

"दिसत कसं नाही? नळी पेटलेली असते ना?"

"थोडा फिकट निळा उजेड दिसतो. वरचे ट्यूबलाइट लावले तर तोही कळत नाही. पण जो भाग जंतू मारतो तो आपल्याला दिसतच नाही. आपल्या डोळ्यांना हद्द आहे, साहेब. तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत. जांभळ्याच्या पलीकडचं ते अतिनील. ते असतं, काम करतं, फक्त आपल्याला कळत नाही. आत अर्धा तास बसलात तर हसत बाहेर याल. रात्री डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होईल आणि सकाळी डोळे लालभडक."

"मग बाटल्यांतल्या रोपांना काही होत नाही?"

याचं उत्तर डॉक्टरांच्या मागे उभ्या असलेल्या मुलीने दिलं. "नाही, साहेब. साधी काच ते किरण अडवते. रोपं काचेच्या आत सुरक्षित असतात."

ती साबेरा. वनस्पतिशास्त्रात बी. एस्सी., मेहरूण मोहल्ल्यातल्या इसाक वेल्डरची मुलगी. बाटल्या हाताळण्याचं सगळं काम तिच्याकडे. बेचाळीस बाटल्यांच्या टेप काढून, झाकणं उघडून, चिमट्याने रोपं उपसायला तिला अर्धा तास लागला असता आणि नवख्याला जास्त, असं तिने विचारल्यावर सांगितलं. बोलताना तिची नजर सारखी बादलीकडे जात होती.

फाटकावरच्या छगनने वही पुढे केली. एक ते दोनच्या दरम्यान बाहेरचं कुणीही आलेलं नव्हतं. अकरा माणसांचा स्टाफ मागच्या हॉलमध्ये जेवत होता. फक्त साबेरा दहा मिनिटांत डबा संपवून नमाजासाठी एकटी गच्चीवर गेली होती.

बोरशांनी डॉक्टरांना बाजूला घेतलं. तिच्याशी कुणाचं काही? डॉक्टर आधी नाही म्हणाले, मग घुटमळले. गेल्या आठवड्यात खटका उडाला होता. एका रोपाच्या पानावर पिवळसर रेघ आहे, तुकडे करण्याआधी पुण्याला तपासायला पाठवू, असा साबेराचा हट्ट होता. तपासणीत दीड महिना गेला असता. डॉक्टरांनी तिला सगळ्यांदेखत गप्प केलं होतं.

"म्हणजे तिला ही रोपं पुढे जायला नको होती," बोरसे म्हणाले.

"तसं नाही हो," डॉक्टर म्हणाले. पण त्या 'तसं नाही'त काही जोर नव्हता.

बोरसे मनातून खूश झाले. गुन्हेगार स्वतःच्या तोंडावर पुरावा घेऊन उगवणार, अशी केस रोज मिळत नाही. त्यांनी पुनांना सांगितलं, उद्या सकाळी फक्त डोळे बघायचे.

गुरुवारी सकाळी अकरा माणसं व्हरांड्यात रांगेने उभी राहिली. दहा जणांचे डोळे स्वच्छ होते. साबेराचे लाल होते, पापण्या सुजलेल्या होत्या.

"घरात साथ आहे," ती म्हणाली. "माझ्या भावाचे आले, आता माझे."

"नेमके काल रात्रीच?"

"परवापासून डावा जड होता, साहेब. आज दोन्ही."

हे शेवटचं वाक्य बोरशांनी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. माणसाला हवं ते सापडलं की कान बंद होतात, आणि वर्दीच्या आतही माणूसच असतो. त्यांनी तिला जीपमध्ये बसवलं.

निघताना व्हरांड्याच्या कोपऱ्यात कौतिक नाना बसलेले दिसले. फोटोतलेच, पण दहा वर्षांनी म्हातारे झालेले. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. हाताचे पंजे आणि नाक लालसर झालेलं. घरात मयत झाल्यासारखे ते बसून होते. बोरशांनी चौकशी केली तेव्हा म्हणाले, "काही नही, भाऊ. बागमा ऊन लागनं."

छगन नानांच्याच गावचा. तो हळूच म्हणाला, नानांचं चित्त थाऱ्यावर नाही. सोमवारीच त्यांनी दोन एकर उभी बाग उपटून खड्ड्यात पुरली, घड कापायला तीन महिने उरले असताना. म्हातारपणी माणसाच्या डोक्यात काय येईल सांगता येत नाही, असं छगनचं मत पडलं. बोरशांनी मान डोलावली. केळी लावणाऱ्या कुणीही हे ऐकलं असतं तर तो थबकला असता. बोरसे जीपमध्ये बसले.

मेहरूणमध्ये जीप थेट इसाकच्या दारात नेली, कारण साबेराच्या वह्या जप्त करायच्या होत्या. सगळा मोहल्ला बाहेर आला. साबेरा ही त्या गल्लीतली पहिली पदवीधर. तिच्याकडे बघून चार घरांनी आपल्या मुलींना कॉलेजात धाडलं होतं. आता त्याच चार घरांच्या खिडक्यांतून लोक तिला पोलिसांच्या गाडीत बसलेली बघत होते. साबेराने वह्या आणून दिल्या आणि एवढंच म्हणाली, "साहेब, माझी नोकरी गेली तर मी शिवणकाम करीन. पण त्या चौघींना घरी बसवतील."

बोरशांनी अटक केली नाही. रोज सकाळी दहाला बोलवायचं, संध्याकाळी सोडायचं, तेच प्रश्न पुन्हा विचारायचे. शनिवारी पेपरात बातमी आली. नाव नव्हतं, पण मेहरूण होतं, वेल्डर होता, मुलगी होती. नाव छापायची गरजच काय उरली होती?

शनिवारीच दुपारी नाना पोलीस स्टेशनात आले. तासभर बाकावर बसून राहिले. बोरशांनी त्यांना आत घेतलं, चहा मागवला. नानांच्या नाकाची कातडी सोलवटत होती. गाल काळवंडले होते, फक्त चष्म्याच्या काचांमागचा भाग तेवढा पूर्वीसारखा उजळ होता. पलीकडच्या खोलीत साबेरा बसली होती, ती दारातून दिसत होती.

"त्या पोरले सोडी द्या, साहेब. ती असं करनारी नही."

"तुम्हाला कसं ठाऊक, नाना?"

नानांनी तोंड उघडलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "आशीच," म्हणाले आणि उठून गेले. चहा तसाच राहिला. किती मायाळू माणूस, असं बोरसे पुनांना म्हणालेसुद्धा.

सोमवारी इसाक आला. पन्नाशीचा, काटक, बोटांवर जुने डाग. चार दिवस तो मुलीला सोडायला आणि न्यायला यायचा, पण फाटकाच्या आत पाऊल टाकत नव्हता. आज तो सरळ टेबलासमोर येऊन उभा राहिला.

"साहेब, माझं शिक्षण चौथी. पण उजेडाचं मला कळतं. पस्तीस साल झाले वेल्डिंग करतो. तुमच्या त्या नळीत आणि माझ्या ठिणगीत एकच जहर आहे, असं पोरगी सांगते. खरं का?"

"खरं."

"मग मला सांगा, आज कितवा दिवस?"

"सहावा."

"उजेड लागलेला डोळा रात्री पेटतो आणि दोन दिवसांत विझतो. दोन्ही डोळे एकदम. पाणी येतं, नुसतं पाणी. पोरीचे डोळे आज पण लाल आहेत. सकाळी चिपडाने चिकटतात, तिची आई कोमट पाण्याने उघडते. उजेड लागलेल्या डोळ्यात चिपड येत नाही, साहेब. मी शंभर वेळा भोगलंय."

पलीकडून पुना म्हणाले, "माझेही तसेच चिकटतात, साहेब." त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण चूक काढायला हवालदार पुढे असतोच.

परवापासून डावा जड होता. तिने सांगितलं होतं. बुधवारच्या आधीच तिचा एक डोळा आला होता.

"पण मग त्या खोलीत जो गेला त्याचे डोळे लाल व्हायलाच हवेत," ते म्हणाले. हे इसाकला सांगत होते की स्वतःला, ते त्यांनाच ठाऊक.

"डोळ्यावर काच असेल तर नाही होणार," इसाक म्हणाला. त्याने स्वतःच्या तोंडाकडे बोट केलं. गाल आणि नाक भाजून तांबडंकाळं झालेलं, आणि डोळ्यांभोवती गॉगलच्या आकाराचा उजळ पट्टा. "काच डोळा वाचवते. चामडी नाही वाचवत."

बोरसे त्या पट्ट्याकडे बघत राहिले. असा चेहरा त्यांनी आणखी एक पाहिला होता, याच खोलीत, याच खुर्चीवर. त्याला त्यांनी चहा पाजला होता.

त्यांनी साबेराला घरी पाठवलं. तिच्याकडे बघायची त्यांची हिंमत झाली नाही. मग बाजारातल्या एका केळीच्या अडत्याला फोन करून एकच प्रश्न विचारला: तीन महिन्यांवर घड असताना माणूस उभी बाग उपटून कशासाठी पुरतो? अडत्या एकच शब्द बोलला. त्या रात्री बोरशांना झोप लागली नाही.

मंगळवारी अकरा वाजता प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात पाच खुर्च्या मांडल्या होत्या. डॉक्टर, साबेरा, इसाक, कौतिक नाना आणि बोरसे. छगन फाटक सोडून खांबाशी उभा होता. आभाळ अजून तसंच होतं.

"आधी माझी चूक सांगतो," बोरसे म्हणाले. "डॉक्टर म्हणाले होते की ते किरण दिसत नाहीत, त्यांचा परिणाम दिसतो. मी लाल डोळे पाहिले आणि परिणाम सापडला असं समजलो. साथीचे डोळे आणि भाजलेले डोळे यांत फरक असतो हे मी विचारलंच नाही. या मुलीने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते वाक्य माझ्या डायरीतसुद्धा नाही."

त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं.

"आता त्या खोलीचं बघू. लाल दिवा लागलेला असताना आत जायचं नाही, हे इथल्या अकराही जणांना माहीत. जो गेला त्याला दिव्याचा अर्थ माहीत नव्हता. वरचे ट्यूबलाइट लावून तो तोंडासमोरच्या नळीपुढे अर्धा तास बसला, आणि आपल्याला काही होतंय हे त्याला कळलं नाही. म्हणजे माणूस बाहेरचा. पण वहीत बाहेरचं कुणी नाही." ते छगनकडे वळले. "छगनभाऊ, बुधवारी एक ते दोनमध्ये कोण आलं होतं?"

"कोणी नाही, साहेब. वही बघा ना."

"वहीत नाव न लिहिता कोण येतं?"

छगनचा चेहरा बदलला. "नानांचं नाव कोण लिहील, साहेब? नाना बाहेरचे कुठे? त्यांचा तर फोटो आहे आत."

बोरशांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. छगन खोटं बोलला नव्हता. गावच्या वडीलधाऱ्या माणसाला फाटकावर अडवून सही मागायची, हे त्याच्या हातून सात जन्मांत झालं नसतं. त्याच्या लेखी नाना हे येणं-जाणं नव्हतंच.

"हा माणूस चोर नव्हता," बोरसे पुढे म्हणाले. "त्याने आत जाण्याआधी हात धुतले. बाटल्या फोडल्या नाहीत, ओळीत मांडल्या. देव्हाऱ्याजवळ वावरावं तसा तो त्या खोलीत वावरला. ज्याने ती रोपं आपली मानली होती, त्यानेच ती मारली. त्याच्या डोळ्यांवर जाड काचा होत्या, म्हणून डोळे वाचले. हात, गाल, नाक भाजलं. मी विचारलं तर म्हणाला, ऊन लागलं. आठ दिवसांत ऊन पडलेलं नव्हतं, आणि मी ते ऐकून घेतलं."

त्यांनी आवाज खाली आणला आणि घरच्या बोलीत म्हणाले, "नाना, तुम्ही त्या खोलीमा टोपी काढी व्हती ना?"

वडीलधाऱ्याला टोपी काढायला सांगणं म्हणजे चारचौघांत कानाखाली मारणं. बोरशांनी सांगितलंही नाही, फक्त विचारलं. नानांनी स्वतःच दोन्ही हातांनी टोपी उचलली आणि मांडीवर ठेवली.

टोपीखालचं कपाळ, जिथे साठ वर्षांत ऊन पोचलेलं नसतं, जे प्रत्येक शेतकऱ्याचं गोरं असतं, ते भुवयांपासून केसांपर्यंत सोलवटलेलं होतं.

"शेतातल्या उन्हाने टोपीखालचं कपाळ भाजत नाही," बोरसे म्हणाले. "आणि बाग उपटण्याचं कारण मला काल अडत्याने सांगितलं. हरण्या."

डॉक्टर ताडकन उठले. हरण्या म्हणजे केळीचा तो रोग, ज्यात पानांवर पिवळे पट्टे उमटतात, कोंब कुजतो, आणि एका बागेतून तो दुसऱ्या बागेत जातो. रोगी खोडाच्या कोंबापासून रोपं केली तर प्रत्येक रोप रोग घेऊनच जन्मतं. चाळीस हजार रोपं गेली असती तर जिल्ह्याच्या केळीचं वाटोळं झालं असतं. पानावरची पिवळी रेघ साबेराला दिसली होती. डॉक्टरांनाही दिसली होती. ते पुन्हा खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड लपवलं.

नाना बोलायला लागले. आवाज अगदी साधा होता.

"पहिले वाटनं, पानी कमी पडनं. मंग पानंसवर पट्टा दिखनात. तवलोंग तुम्ही कोंब लई गयात व्हतात, फोटो लाया व्हता. बठ्ठा खान्देशमा मन्हं नाव व्हतं, साहेब. सांगानी हिंमत नही व्हयनी." त्यांनी मांडीवरची टोपी फिरवली. "रोज वाटे, आज सांगसू. मंग सोमवारले बाग उपटी. पन ह्या बाटल्या राह्यन्यात. म्हनं, आपलं पाप आपनच मारूत."

"आणि ही मुलगी?" बोरशांनी विचारलं. "शनिवारी तुम्ही सांगायला आला होता ना?"

"सांगालेच उनू व्हतू. तोंड उघडं बी. ती दारमातून माले दिखाये." नानांनी साबेराकडे पाहिलं नाही. "रोपंसनं पाप धुवाले निंघनू आनि त्यानाथीन मोठं पाप करी बसनू. पोर, माले माफ कर म्हनाले बी तोंड नही."

साबेराचे डोळे अजून लालच होते. ती नानांकडे वळली. मग म्हणाली, "नाना, मला येऊन सांगितलं असतं तर मीच बाटल्या ओतल्या असत्या. तुमचं नावसुद्धा घेतलं नसतं."

नाना तेव्हा रडले. इसाक उठला आणि पाण्याचा तांब्या त्यांच्यासमोर ठेवला. बोरशांनी खिशातून कागद काढला, जबाब लिहून घ्यायला सुरुवात केली. समोर जो माणूस बसला होता त्याने खोटं बोलून पाच दिवस एका मुलीला जाळलं होतं, आणि त्या जाळात लाकडं आपण घातली होती, हे त्यांना पक्कं कळत होतं. नानांवर निदान एक कलम तरी लागणार होतं. बोरशांवर कुठलंच लागणार नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साबेरा निर्दोष असल्याचं पत्र टाइप झालं. बोरशांनी सही केली, शिक्का मारला आणि ते पोस्टाने पाठवायला पुनांकडे दिलं. त्याच दुपारी साबेरा स्वतः आली. नोकरी परत मिळाली होती. डॉक्टरांनी सगळ्यांदेखत तिची माफी मागितली होती. इथून पुढे एकही रोप तपासणीशिवाय कापलं जाणार नव्हतं आणि त्यावर सही तिची असणार होती.

"पत्र पाठवतोय," बोरसे म्हणाले.

"साहेब, मला न्यायला जीप आणली होती," ती म्हणाली. "निर्दोष असल्याचं मात्र पोस्टाने कळवणार?"

बोरशांनी पुनांच्या हातातून पत्र घेतलं आणि जीप काढायला सांगितली.

मेहरूणमध्ये जीप त्याच दारात उभी राहिली. माणसं जमली. बोरशांनी टोपी काढून बगलेत धरली आणि मोठ्याने सांगितलं की गुन्हा या मुलीने केलेला नव्हता, तो दुसऱ्याने केला, आणि तिला पाच दिवस बसवून ठेवण्याची चूक माझी, अभिमन बोरसेची, आणखी कुणाची नाही. वर्दीतला माणूस असं बोलताना त्या गल्लीने पूर्वी ऐकलं नव्हतं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हाताऱ्याने फक्त मान हलवली. इसाकने आत बोलावलं, साबेराच्या आईने चहा दिला. बोरशांना जरा हलकं वाटलं.

"त्या चौघी जातात ना कॉलेजात?" त्यांनी विचारलं.

"तिघी जातात. कालपासून सुरू झाल्या."

"आणि चौथी?"

"रईसा. ती सगळ्यांत हुशार होती. पेपरात बातमी आली त्या दिवशी तिच्या अब्बांनी वह्या बांधून ठेवल्या. बोलणी जुनीच होती, ती घाईने पक्की केली. शुक्रवारी निकाह झाला. बुऱ्हाणपूरला दिली."

बोरशांनी कप खाली ठेवला.

"बुऱ्हाणपूरलाही जाऊन सांगता का, साहेब?" साबेराने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती.

बुऱ्हाणपूर काही लांब नव्हतं. जीप होती, डिझेल होतं, आणि सांगायचे शब्दही आता तोंडपाठ झाले होते. पण त्या शब्दांनी रईसाच्या बांधलेल्या वह्या सुटणार नव्हत्या, आणि ते तिथेच बसून राहिले.